होंडा सिटीचा स्टिअरिंग पंप, मामांचा लेथ आणि दोन पुल्या

मार्चमधला रविवार. कागलच्या अलीकडं एका मोकळ्या मैदानात वाहतुकीचे प्लॅस्टिकचे कोन मांडून आम्ही आठ-दहा जण गाड्या पळवत होतो. तिसऱ्या फेरीत शेवटच्या कोनाला गाडी वळवली आणि स्टिअरिंग एकदम जड झालं. क्षणभर हलकं, परत जड. पंपाचा आवाज गिरणीच्या पट्ट्यासारखा चढत गेला आणि बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर यायला लागला. बंद करून उघडून बघतोय तर पॉवर स्टिअरिंगचं तेल टाकीच्या झाकणातून उकळून बाहेर आलेलं, आणि ओघळून हेडरवर, म्हणजे इंजिनाच्या एक्झॉस्टच्या नळ्यांवर, जळत होतं. मित्र अग्निशामक घेऊन शेजारी उभा होता. वापरायची वेळ आली नाही, पण त्या दिवसापासून मी हा विषय धरून बसलोय.

गाडी २००२ ची होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक, १०६ हॉर्सपॉवर. कंपनीनं ती स्पोर्ट्स कार म्हणून विकली नव्हती हे खरं, पण वजनाला हलकी आणि मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत मनापासून फिरणारं इंजिन, त्यामुळं तिला तसं घडवता येतं. माझ्याकडं आल्यापासून ४-२-१ हेडर, खाली बसवलेलं सस्पेन्शन, मूळपेक्षा रुंद १९५ चे चिकट टायर आणि थोडा वाढवलेला कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागचा कल) एवढं झालंय. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी सरळ स्टिअरिंगवर भार टाकतात. टायर जितका रस्त्याला धरून बसतो आणि कॅस्टर जितका जास्त, तितका चाक वळवायला रॅकला (चाकं वळवणाऱ्या दांडीला) जोर लागतो, आणि तो जोर पंपाकडून येतो. शिवाय या इंजिनाचा एक्झॉस्ट पुढच्या बाजूला, रेडिएटरकडं तोंड करून आहे. पंपही पुढंच. म्हणजे हेडरची धग पंप रोज खातो.

मी पहिल्यांदा केलं ते चुकीचं होतं. पंप कमी पडतोय असं समजून जुन्या बाजारातून एका मोठ्या सेदानचा पंप आणला, ब्रॅकेट घासून बसवला. पार्किंगला स्टिअरिंग एका बोटावर फिरायला लागलं. खूश होऊन पन्हाळ्याच्या वाटेला लागलो आणि वाघबीळच्या वळणांवर ती खुशी उतरली. टायर काय म्हणतोय ते हातापर्यंत पोचतच नव्हतं. आणि वर जाऊन टाकीला हात लावला तर आधीपेक्षा जास्त गरम.

तो पंप काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांच्या वर्कशॉपला घेऊन गेलो. मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. चाळीस वर्षं लेथवर उभा असलेला माणूस, ऑइल इंजिनाच्या पंपांपासून साखर कारखान्याच्या शाफ्टपर्यंत सगळं हाताखालून गेलेलं. त्यांनी पंप उघडून रोटर, पात्या, व्हॉल्व्ह सगळं फडक्यावर मांडलं आणि म्हणाले, "पंपाला काय धाड भरल्या? बारक्या पेल्यात घागर वतायलायस तू."

त्या वाक्याचा हिशोब मी रात्री वहीत मांडला.

हा पात्यांचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. लहान गाडीतला असा पंप एका फेऱ्याला सात-आठ सीसी तेल ढकलतो. आठ धरू. इंजिन ७५० ला संथ चालू असताना, पुल्यांचं प्रमाण १.२ धरलं तर पंप ९०० फेरे फिरतो, म्हणजे मिनिटाला सात लिटर. रॅकला साधारण एवढंच लागतं. कंपनीनं पंप निवडलेला असतो तो या संथ वेगासाठी, कारण माणूस स्टिअरिंग सगळ्यात जास्त पिळतो ते गाडी लावताना. आता इंजिन ७००० ला न्या. पंप ८४०० फेऱ्यांवर, तेल ६७ लिटर. रॅकला मात्र तेच सात लिटर हवंय. उरलेलं साठ लिटर फ्लो कंट्रोल व्हॉल्व्हमधून पंपाच्या पोटातच गोल गोल फिरत राहतं आणि तापतं. पंप मोठा केला की हे फुकट फिरणारं तेल वाढतं. मी नेमकं तेच केलं होतं.

दुसरी उष्णता लॉकवरची. स्टिअरिंग एका टोकाला नेऊन धरून ठेवलं की तेलाला जायला वाट नसते, दाब ७०-८० बारपर्यंत चढतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. सात लिटर गुणिले ७५ बार, भागिले ६००: पाऊण किलोवॅटच्या वर, जवळपास नऊशे वॅट. बादलीत पाणी तापवायची कॉइल असते ना, तेवढी. आणि अख्ख्या सिस्टिममध्ये तेल जेमतेम लिटरभर. म्हणजे लॉकवर धरलेल्या दर दोन सेकंदांना तेल सुमारे एक अंश तापतं. कोनांच्या मैदानात आपण लॉकवरच तर असतो! हा आकडा कळल्यापासून मी हात टोकाला टेकला की अंगठाभर मागं घेतो. यू-टर्न मारतानासुद्धा. मित्रांनाही तेच सांगतो, कारण या सगळ्या खटाटोपात फुकट मिळणारी गोष्ट ही एकच आहे.

मोजायला इन्फ्रारेड गन घेतली. पहिल्या दिवशी पंपाच्या अंगावर रोखली तर ६० दाखवायली आणि बोट ठेववत नव्हतं. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन कमीच वाचते. काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजलं तेव्हा खरा आकडा आला. मूळ पंप परत बसवून पाच फेऱ्यांनंतर पंपावर १२६. तेवढ्या तापमानात तेल पातळ होतं, जळका वास सुटतो, रबरी सील कडक होऊन गळायला लागतात, आणि तेलात फेस झाला की पंप हवा चावायला लागतो. गिरणीचा आवाज तो.

पण आवाजाचं अजून एक कारण सापडलं, आणि जुन्या होंडा वापरणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं असं मला वाटतं. टाकीतून येणारा जाड पाइप पंपाला ज्या धातूच्या बाकदार तोंडातून जोडलेला असतो, त्याच्या मागं एक ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, असते. वीस वर्षांत ती प्लॅस्टिकसारखी कडक होते. ती पंप तेल ओढून घेतो त्या बाजूला असल्यामुळं तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली डाग दिसत नाही, पंप मात्र रडतो. लोक पंप बदलतात, नव्या पंपाला जुनीच रिंग लावतात आणि पुन्हा तोच आवाज. माझी रिंग काढली तर बोटात दोन तुकडे झाले. नवी काही रुपयांत आली. ऑइल सीलच्या दुकानात नमुना देऊन मापाची मागायची, आणि तेल लागणार आहे हे सांगायचं, म्हणजे नायट्राइलची देतात.

मग कूलर. कूलर लावायचा तो परतीच्या नळीवर, रॅककडून टाकीकडं येणाऱ्या. तिथं दाब अगदी कमी असतो, त्यामुळं साधा ॲल्युमिनियमचा नळी-पंख्यांचा कूलर चालतो. दाबाच्या बाजूला चुकूनही नाही, तिथं क्लिप लावलेली नळी क्षणात उडेल. आधी मी एका मोटरसायकलचा ऑइल कूलर लावून पाहिला. दिसायला झकास, पण त्याच्या आतल्या वाटा अरुंद. परतीच्या तेलाला अडथळा झाला की मागं दाब साठतो, रॅकच्या सीलवर ताण येतो आणि स्टिअरिंग सरळ व्हायला आळस करतं. तो काढला. कोणीतरी फ्रीजवाल्याकडची तांब्याची नळी गुंडाळून लाव म्हणून सुचवलं. तांबं हादऱ्यानं कडक होऊन चिरतं, म्हणून नको म्हटलं. शेवटी आरपार दहा मिलिमीटर वाट असलेला साधा कूलर घेतला, डाव्या हेडलाइटखाली, बंपरच्या जाळीमागं बसवला. रेडिएटरसमोर लावला असता तर त्याची गरम हवा परत रेडिएटरला मिळाली असती. नळीच्या टोकांना मामांनी कडा फुगवून दिल्या, म्हणजे पाइप सटकत नाही. पाइप तेलाचाच घ्यायचा. हीटरच्या पाण्याचा पाइप स्वस्त असतो, पण आतून फुगून मऊ पडतो. पंप आणि हेडर यांच्यामध्ये पत्र्याचा एक आडोसा ठोकला, दोन्हींपासून बोटभर अंतर ठेवून. नुसत्या आडोशानं आठ अंश उतरले, हे मला अपेक्षित नव्हतं.

आणि पुली. पंप मोठा करण्याऐवजी त्याला हळू फिरवायचं, हे मामांचं म्हणणं. मूळ पुलीपेक्षा व्यासानं पाव पट मोठी पुली त्यांनी ॲल्युमिनियमच्या गोळ्यातून काढली. ते काम मी स्टुलावर बसून बघितलं. पीके पट्ट्याच्या (लांबीनं खाचा असलेल्या पट्ट्याच्या) दोन खाचांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर, खाचेचा कोन ४० अंश. त्यासाठी मामांनी हत्यार हातानं घासून त्या कोनाचं केलं, आणि एकेक खाच काढताना डायलकडं न बघता आवाजावर थांबत होते. शेवटी माझ्या जुन्या पट्ट्याचा तुकडा खाचांत बसवून उजेडासमोर धरला. कुठंही फट नाही.

बसवली, पट्टा एक माप लांबचा घातला, मैदानात पंपावर ९४ आले. मी समाधानी. आई नव्हती. शनिवारी ती गाडी घेऊन गंगावेशीत भाजीला जाते, आणि परत आल्यावर म्हणाली, "अरे, हे ट्रॅक्टर का केलंयस?" तिचं बरोबर होतं. संथ वेगात पंप आता ७२० फेऱ्यांवर, तेल पावणेसहा लिटर. त्या गर्दीत एका जागी उभं राहून चाक पिळायचं तर दंड भरून येतात. मामांकडं परत गेलो. ते काही न बोलता दुसरा गोळा घेऊन उभे राहिले. ही पुली पंधरा टक्के मोठी. संथ वेगात सहा लिटरच्या वर तेल मिळतं, आणि ७००० ला पंप ७३०० च्या आसपास फिरतो. मैदानात पंपावर ९८.

तेल होंडाचंच घातलंय. होंडाच्या सिस्टिमला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल चालत नाही, सील खराब होतात. हवा काढताना पुढची चाकं जॅकवर उचलायची, इंजिन बंद ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवायचं, टाकीतले बुडबुडे थांबल्यावरच चालू करायचं. घाईनं आधी चालू केलं तर तेलाचा फेस होतो आणि तो बसायला रात्र जाते.

या सगळ्याऐवजी इलेक्ट्रिक मोटरवर चालणारा हायड्रॉलिक पंपही लावता येतो. टोयोटा एमआर-२ मध्ये तसा होता. कल्पना चांगली आहे, इंजिनाच्या वेगाशी त्याचा संबंधच उरत नाही. पण लॉकवर तो पन्नास-साठ अँपियर सहज ओढतो, आणि माझा ऑल्टरनेटर, तारा, फ्यूज सगळंच बदलावं लागलं असतं.

गेल्या आठवड्यात पहाटे गगनबावड्याला गेलो, करूळ घाट उतरलो, वैभववाडीत चहा घेतला आणि तसाच वर चढून आलो. माथ्यावर थांबून बॉनेट उघडलं. टेपवर ८१. तेल अजून मधासारखं, झाकणाला ओल नाही. वळणावर पुढच्या डाव्या टायरखाली खडी आली ती हाताला कळली. पहिली मोठी पुली मामांनी लेथच्या मागं खिळ्याला अडकवून ठेवलीय. परवा एक पोरगा जुनी मारुती एस्टीम घेऊन आला होता, त्याच तक्रारीसाठी. मामांनी खिळ्यावरून ती काढली आणि त्याला विचारलं, "गाडी घरात आणि कोण चालवतंय?"