ब्रह्मपुरीहून नागपूरच्या ‘सुपर’ला: ताईची गोळी बदलायला गेलो, जुनीच घेऊन आलो

माझ्या मोठ्या बहिणीला लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप आला होता. घसा दुखला, मग सांधे सुजले, पंधरा दिवसांत बरी झाली आणि सगळे विसरून गेले. त्या तापाने हृदयाची मायट्रल झडप हळूहळू आवळत नेली, हे कळलं तेव्हा तिची दोन बाळंतपणं होऊन गेली होती. पुढे नागपूरला जनआरोग्य योजनेतून बलून झाला, म्हणजे फुग्याने झडप रुंद केली, आणि दम लागणं थांबलं. ठोके मात्र अनियमितच राहिले, त्याने हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि दर महिन्याला आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या आकड्याची तपासणी, असं तिचं चाललं आहे.

या तपासणीला ती कंटाळली होती. त्यातच एका औषधाच्या दुकानात तिला सांगितलं गेलं, “आता नवीन गोळी आली, रक्त तपासायचं काम नाही.” धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तिने दोन महिने तपासणी केलीच नव्हती. नवी गोळी लिहून आणू, असं ठरवून ऑगस्टमध्ये आम्ही नागपूरच्या सुपर स्पेशालिटी दवाखान्याला निघालो.

पहाटेची एसटी नागभीड, भिवापूर, उमरेड करत साडेतीन तासांत दिघोरीकडून नागपुरात शिरते. ताईचं तिकीट अर्धं. बस गणेशपेठच्या स्थानकाला जाते, तिथून ऑटो करावा लागतो. ऑटोवाल्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणू नका. तो मोठ्या मेडिकल कॉलेजच्या गेटवर सोडेल आणि दम लागणारा पेशंट उन्हात चालत बसेल. ‘सुपर स्पेशालिटी, तुकडोजी पुतळ्याजवळ’ असं सांगा, ती इमारत वेगळी आहे. चंद्रपूर किंवा वर्धेहून रेल्वेने येणाऱ्यांची गाडी अजनीला थांबत असेल तर तिथेच उतरावं, नागपूरच्या मुख्य स्टेशनपेक्षा ते जवळ पडतं. मिहानच्या एम्सला पाठवलं असेल तर मेट्रोने खापरीपर्यंत जाऊन पुढे ऑटो करा.

आयएनआरसाठी उपाशी राहावं लागत नाही. हे आम्हाला आधी माहीत नव्हतं, ताई दोनदा उपाशीपोटी आली होती आणि चक्कर येऊन बसली होती. या वेळी भाकरी आणि चटणी बांधून नेली, बसमध्येच खाल्ली.

रांगेत बाजूला पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी आईसोबत बसली होती. तिलाही तोच आजार, झडप अजून फारशी बिघडलेली नाही. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. आई म्हणाली, “दुखते म्हणून दोन सुया चुकवल्या जी.” ताईने तिला जवळ घेतलं आणि आपल्या बलूनची सगळी कहाणी सांगितली. ही सुई घशातल्या जंतूंचा हल्ला पुन्हा होऊ देत नाही, आणि प्रत्येक हल्ल्यात झडप आणखी बिघडते. तुमच्या घरी असं मूल असेल तर एकही सुई चुकवू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आत गेल्यावर तरुण डॉक्टरांनी आधी आयएनआरची वही मागितली. वहीत दोन महिने कोरे. सकाळी दिलेल्या रक्ताचा आयएनआर आला १.४, ताईला २ ते ३ च्या मध्ये हवा असतो, म्हणजे रक्त पुरेसं पातळ नव्हतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा. “भाजी कोणती खाता सध्या?” ताई म्हणाली, “तरोटा. पावसात तेच निघते ना जी, रोजच असते.” पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं आणि ही गोळी त्याच्याच विरुद्ध काम करते. पालेभाजी सोडायची नाही, आठवड्याला जेवढी खाता तेवढीच बाराही महिने खा, असं त्यांनी समजावलं. एका महिन्यात रोज तरोटा आणि पुढच्या महिन्यात काहीच नाही, असं झालं की आकडा वर-खाली होतो. दुसरा प्रश्न कंबरेचा. रोवण्यात कंबर दुखली म्हणून ताई दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेत होती. तेव्हा मात्र डॉक्टरांचा आवाज चढला. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

मग आम्ही नव्या गोळीचं विचारलं. मला वाटलं होतं, महाग आहे किंवा इथे मिळत नाही असं काही उत्तर येईल. डॉक्टर म्हणाले, “ताई, नेमकी तुमच्यासारख्याच पेशंटांवर ही गोळी तपासून झाली आहे. जुनी घेणारे जास्त जगले.”

घरी येऊन मी ते शोधून वाचलं. अभ्यासाचं नाव इन्व्हिक्टस, प्रसिद्ध झाला २०२२ मध्ये. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांतल्या रुग्णालयांनी मिळून तो केला. सूत्रं कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधन संस्थेकडे होती आणि मुख्य लेखक तिथलेच डॉ. स्टुअर्ट कॉनोली, त्यांच्यासोबत दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन. साडेचार हजारांवर रुग्ण, त्यात जवळपास तीन चतुर्थांश बाया, सरासरी वय पन्नासच्या आसपास. म्हणजे आमची ताईच. निम्म्यांना रिव्हरॉक्झाबन ही नवी गोळी, निम्म्यांना जुनी. नव्या गोळीच्या गटात ५५२ जण दगावले, जुन्याच्या गटात ४४२. मोठा रक्तस्राव मात्र जुन्या गोळीने काही जास्त झाला नाही.

नव्या गोळ्यांचे आधीचे मोठे अभ्यास झाले, त्यांत झडप बरीच आवळलेले रुग्ण घेतलेच नव्हते. हा आजार श्रीमंत देशांत आता फारसा उरलेला नाही, त्यामुळे एकट्या तिकडच्या रुग्णालयांना ताईच्या प्रश्नाचं उत्तर काढता आलं नसतं. उत्तर निघालं ते तिच्यासारख्या बाया ज्या दवाखान्यांच्या रांगेत बसतात, ते दवाखाने एकत्र आले म्हणून. आणखी एक आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. अभ्यासात आल्या वेळी जुनी गोळी घेणाऱ्या तिघांपैकी एकाचाच आयएनआर जागेवर होता. पुढच्या वर्षांत नियमित तपासणीने तो साधारण दोन तृतीयांशांपर्यंत गेला. रक्त तपासायला येणं हे त्या गोळीचंच अर्धं काम आहे, असं मला हे वाचून वाटलं. ताईचा बलूनही असाच दुरून आलेला. कांजी इनोए या जपानी सर्जनने तो १९८२ मध्ये पहिल्यांदा वापरला. त्यामुळे तिची छाती उघडावी लागली नाही.

तुम्ही जाणार असाल तर वही हीच सगळ्यात मोठी शिदोरी. तारीख, आयएनआर, गोळी किती, आणि त्या महिन्यात दुसरं कोणतं औषध घेतलं, एवढं लिहा. जुना इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि बलूनचं डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आमचं एकदा पावसात भिजलं होतं. योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार मूळ न्या, आणि भरती व्हायची वेळ आली तर दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. गोळी संध्याकाळची ठेवावी, म्हणजे दुपारी रिपोर्ट आला की त्याच दिवशी मात्रा बदलता येते. दरवेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्या. दात काढायचा असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधी या डॉक्टरांना विचारा. गर्भाला या गोळीने अपाय होऊ शकतो. शौचाला काळी झाली, हिरड्यांतून रक्त थांबेना, बोलणं अचानक अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर वाट न बघता १०८.

ताईची मात्रा थोडी वाढवली. पंधरा दिवसांनी ब्रह्मपुरीतच रक्त दिलं, २.२ आला. नागपूरची पुढची तारीख पाहिली तर ती तान्ह्या पोळ्याची निघाली. त्या दिवशी शहरात मारबतीची मिरवणूक, रस्ते तुंबलेले, ओपीडी चालू असेल की नाही तेही विचारावंच लागतं. कार्डावरच्या नंबरवर फोन करून तारीख दोन दिवस पुढे घेतली. ताईने ती वहीत स्वतःच्या हाताने लिहिली आहे.