पुराच्या बातमीत भिजायचं आमंत्रण

लोकल चॅनेलवरची अँकर म्हणजे हरकामी बाई. सकाळी बातम्या वाचायच्या, दुपारी गणेश मंडळाच्या अध्यक्षांची मुलाखत घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर सॅक टाकून भटकंतीचा कार्यक्रम करायचा. मला भटकंतीच जास्त आवडते. न्यूजरूममध्ये नेमकी तिलाच किंमत नाही. "तुझं काय बाई, सिंहगडावर पिठलं-भाकरी खायची आणि पगार घ्यायचा!"

२५ जुलै २०२४. रात्रभर धो-धो पाऊस. खडकवासला धरणाचा विसर्ग वाढत वाढत ३५ हजार क्युसेकच्या वर गेलेला. सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोक जागे झाले तेच पाणी घरात शिरल्यावर. भिडे पूल पाण्याखाली होता, पण तो तर दरवर्षीच जातो, पुणेकर त्याला बातमी मानत नाहीत. प्रॉम्प्टर कोरा. कानात कंट्रोल रूममधून एकच घोष, "ओढ. रिपोर्टर अजून पोचला नाहीये. ओढ."

ओढायचं म्हणजे तोच आकडा पुन्हा पुन्हा वाचायचा. पण क्युसेक म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला कुठं माहीत असतं? त्याला आपल्या पार्किंगमध्ये पाणी येणार का, एवढंच हवं असतं. मग मी कागद बाजूला ठेवला आणि ज्या खोऱ्यात हिंडले होते तेच सांगत सुटले. वर टेमघर, वरसगाव, पानशेत, खाली खडकवासला. चारही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी, त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन. डोंगरात पाऊस कोसळला की हे धरण पाणी धरून ठेवूच शकत नाही, दारं उघडावीच लागतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. ३५ हजार म्हणजे जवळपास १० लाख लिटर. उन्हाळ्यात सोसायटीत १० हजार लिटरचा टँकर मागवता ना? तसे शंभर टँकर, दर सेकंदाला.

फोन लाईन उघडली. शनिवार पेठेतल्या एक आजी.

"पानशेत फुटलं का गं?"

विसर्ग वाढला की पेठांमधून हा प्रश्न येतोच. पानशेत खरंच फुटलं तो १२ जुलै १९६१ ज्यांनी पाहिला, त्यांना क्युसेक समजावायची गरज नाही.

"नाही आजी, पानशेत सुखरूप आहे."

"नक्की ना? तू परवा तिथंच हिंडत होतीस, म्हणून तुला विचारलं."

पिठलं-भाकरीवाल्यांनी हे ऐकलं असेल अशी आशा आहे.

मग पुलाच्या वाडीतली बातमी आली. विजेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू. ती वाचली, आवाज जेवढा सपाट ठेवता येतो तेवढा ठेवून. ब्रेक. आणि समोरच्या मॉनिटरवर मीच! पिवळा रेनकोट, मागे धबधबा, दात दाखवत, "पाऊस बोलावतोय, चला भिजायला!" येत्या भागाचा प्रोमो आदल्या दिवशीच शेड्यूलमध्ये लागलेला, तो आपल्या वेळेला सुटला. "काढा तो, आत्ताच्या आत्ता काढा!" मी ओरडले. ब्रेकमध्ये माईक बंद असतो हे नशीब. प्रोमो निघेपर्यंत दहा सेकंद गेलीच, आणि एका प्रेक्षकाने फोन करून विचारलंही, "मॅडम, आम्ही ऑलरेडी भिजलोय, अजून कुठं यायचं?"

यावर उत्तर नव्हतं. मी सॉरी म्हटलं.

पाणी ओसरल्यावर आम्ही एकतानगरीत गेलो. तळमजल्यावरचे एक काका खराट्याने चिखल लोटत होते. दारात फ्रिज आडवा पडलेला, त्याच्या दाराच्या रबरात गाळ बसलेला. माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "त्या फिरायच्या कार्यक्रमातल्या ना तुम्ही? तिथं बऱ्या वाटता. बातम्यांत उगाच घाबरवता माणसाला."

कॅमेरामन खो-खो हसला. मी काकांना जरा डावीकडे सरकवलं, मागे फ्रिज दिसेल असं, आणि बाईट घेतली.