पावसाळ्यात गोव्यातल्या पाळकांबरोबर रूथ वाचताना

गोव्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) पाळकांसाठी पवित्र शास्त्राचा अभ्यासवर्ग घ्यायला जायचा विचार असेल, तर पावसाळ्यात जा. बाहेरगावच्या शिक्षकांना नाताळानंतरचे दिवस सोयीचे वाटतात, कारण हवा छान असते आणि गाड्या वेळेवर धावतात. पण त्या दिवसांत गोव्यातला पाळक मोकळा नसतो. आमच्या वर्गाला आलेल्यांत पूर्ण वेळ सेवा करणारे मोजकेच होते. कुणी हॉटेलात स्वयंपाकी, कुणी टेम्पो चालवणारे, कुणी वायरमन, काही जण कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे. पर्यटकांचा हंगाम सुरू झाला की त्यांना घरी जेवायलाही धड वेळ मिळत नाही. जूनमध्ये किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, हॉटेलं निम्मी रिकामी होतात. काम कमी होतं तशी कमाईही कमी होते, हे खरं आहे. पण वही घेऊन बसायला त्यांना सवड मिळते ती तेव्हाच.

वर्ग सोमवार ते गुरुवार ठेवा. शनिवार-रविवारी हॉटेलांत गर्दी असते आणि उपासनाही त्यातच बसवायची असते. काही मंडळ्यांची उपासना रविवारी भल्या पहाटे होते, काहींची रात्री. एक मंडळी तर मंगळवारी रात्री जमते, कारण तिथल्या बहुतेकांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारची. तारखा ठरवण्याआधी हे सगळं स्थानिक पाळकांना फोन करून विचारून घ्या.

आम्ही मिरजेकडून गेलो. एक निवृत्त पाळकसाहेब, आमच्या मंडळीतला एक तरुण आणि मी. गोवा एक्सप्रेस मिरजेहून रात्री निघून पहाटे मडगावला सोडते. मुंबईकडून येणाऱ्यांनी कोकण रेल्वेने यावं आणि उत्तर गोव्यात काम असेल तर मडगावपर्यंत न जाता थिवीला उतरावं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात, तेव्हा पोहोचण्याच्या दिवशीच वर्ग सुरू करायचा बेत करू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कोल्हापूरहून स्वतःच्या गाडीने येणार असाल तर आंबोली घाट दिवसाउजेडी उतरा. धुक्यात आणि दरडींच्या दिवसांत रात्रीचा घाट नकोच.

गोव्याच्या आत फिरायला कदंब या सरकारी बससेवेच्या शटल बस उत्तम. मडगाव ते पणजी, पणजी ते म्हापसा, खिडकीवर तिकीट काढायचं आणि बसायचं. आतल्या गावांकडे मात्र संध्याकाळी सातनंतर बस मिळेलच असं नाही. एकट्या माणसाला दुचाकीवरून नेणारे पायलट मिळतात, पण धो धो पावसात पुस्तकांची पिशवी घेऊन त्यांच्या मागे बसणं जमत नाही. दुचाकी भाड्याने घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना, ते बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. पोलीस अडवतात आणि दंड भरावा लागतो, आणि सेवेला आलेल्यांनी नियम मोडून फिरणं शोभतही नाही.

वर्ग म्हापशाजवळ एका मंडळीच्या सभागृहात होता. पेडणे, डिचोली, साखळी, वाळपई, सगळीकडून म्हापशाला येणं सोपं. मराठी बोलणारी वस्तीही याच भागात दाट आहे. राहायला आम्ही किनाऱ्यापासून दूर, गावातल्या एका विश्वासू कुटुंबाच्या दोन खोल्यांत होतो. सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन यायचा, त्याबरोबर पातळ भाजी. दुपारी शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी. वर्गातलं जेवण बाहेरून मागवू नका. मंडळीतल्या बायकांना विचारा, त्या आनंदाने रांधतात, आणि तो खर्च त्यांच्याच हातात द्या.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे काय शिकवायचं. आमचे पाळकसाहेब रोमकरांस पत्र घ्यावं म्हणत होते. मला जुन्या करारातलं रूथचं पुस्तक हवं होतं. दुष्काळात बेथलेहेम सोडून मवाब देशात गेलेलं एक घर, आणि तिथली विधवा सून रूथ सासूबरोबर परत येते, ती गोष्ट. चारच अध्याय, एक घर, एक गाव, एक हंगाम. माझं ठाम मत आहे की पाळकाला एक पुस्तक पहिल्या वचनापासून शेवटच्या वचनापर्यंत स्वतः वाचून, समजून मंडळीपुढे मांडता आलं, की पुढचं पुस्तक तो आपला आपण उघडतो. दहा विषयांवर दहा व्याख्यानं ऐकवली तर त्याची फक्त वही भरते. उपदेश ऐकायला आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे. शेजारी बसून ‘हे तुम्हाला कुठल्या वचनात दिसलं?’ असं विचारणारं माणूस मात्र या पाळकांना वर्षानुवर्षं भेटत नाही. बाहेरून जाणाऱ्याने ती जागा भरावी.

पद्धत साधी ठेवली. सकाळी एक अध्याय मोठ्याने वाचायचा, दोनदा, वेगवेगळ्या आवाजांत. मग पुस्तक मिटून एकाने तो गोष्टीसारखा सांगायचा आणि सुटलेलं इतरांनी भरायचं. मग खाकी कागदावर माणसं, ठिकाणं, वेळ आणि अध्यायाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत काय बदललं ते लिहायचं. अर्थाची चर्चा यानंतरच. प्रोजेक्टर नेऊ नका. जोराच्या पावसात वीज जाते, आणि भिंतीवर टांगलेला कागद दिवसभर डोळ्यांसमोर राहतो. बेळगाव-खानापूरकडचे दोघे-तिघे मराठी छान बोलत होते, पण वाचायचे कन्नड पवित्र शास्त्रातून. त्यांना तसंच वाचू द्या. काही जण अडखळत वाचतात. अशांना सगळ्यांसमोर मोठा उतारा वाचायला सांगू नका, दोन वचनं पुरेत.

दुसऱ्या अध्यायात रूथ कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते. तिथे सत्तरी तालुक्यातले एक वयस्कर पाळक उठले आणि खोलीच्या मधोमध वाकून दाखवू लागले. विळ्यातून निसटलेली लोंबी दोन बोटांनी कशी उचलतात, उचललेली डाव्या हाताच्या मुठीत कशी धरतात, मूठ भरली की ओटीत कशी टाकतात. दुपार झाली की कंबर सरळ करताना तोंडातून जो आवाज निघतो तोही त्यांनी काढून दाखवला. त्यांच्या आईने अशीच मुलं वाढवली होती. संध्याकाळपर्यंत वेचून झोडून रूथकडे एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) जव निघाले असं वचन सांगतं, आणि ते किती होतात, त्यासाठी किती वेळा वाकावं लागलं असेल, हे त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

चौथ्या अध्यायात रूथची सासू नामी आपल्या नवऱ्याचं, अलीमलेखाचं शेत विकायला काढते. तिथे एक पाळकीणबाई म्हणाल्या, “बाई, एक विचारू? ही माणसं दहा वर्षं मवाबात होती. मागे शेत कोण करत होतं?” शास्त्रात याचं उत्तर नाही, आणि मी तसं सांगितलं. पण त्यांचं स्वतःचं शेत खानापूर तालुक्यात होतं, दीर कसत होते, आणि जमिनीच्या उताऱ्यावर आता कुणाचं नाव आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग एकेक जण बोलू लागला. गाव सोडून पोटासाठी गोव्यात आलेली माणसं, मागे राहिलेली जमीन, इथे भाड्याची खोली, आणि बाहेरचे म्हणून ऐकून घ्यावे लागणारे शब्द. ती सकाळ आम्ही वेळापत्रकातून काढून टाकली आणि त्यांना बोलू दिलं. हा प्रश्न पाळकीणबाईंकडून आला, म्हणून आवर्जून सांगते की पाळकांबरोबर त्यांच्या बायकांनाही बोलवा. बायकांच्या सभा त्याच चालवतात, आजारपण-बाळंतपणाच्या घरी पहिल्यांदा त्याच जातात. मुलांसाठी शेजारी एक खोली आणि सांभाळायला एक माणूस ठेवा, नाहीतर त्या दारापाशीच उभ्या राहतील.

शेवटी प्रत्येकाने दहा मिनिटं उपदेश करायचा होता. टेम्पो चालवणाऱ्या पाळकांनी दुसऱ्या अध्यायातलं नववं वचन घेतलं. शेताचा मालक बवाज रूथला म्हणतो की तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतलं पाणी पी. ते म्हणाले, “परक्या देशाची बाई शेतात आली तर बवाजाने पाण्याची सोय आधी बघितली. आपल्या मंडळीत बांधकामावरचा नवा मुलगा आला, तर आपण आधी त्याचं गाव विचारतो, आडनाव विचारतो. पाणी विसरतो.” मी आजवर पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, पण या वचनावरून एवढं नेमकं बोललेलं ऐकलं नव्हतं.

मधल्या वेळेत पाळकांनी विचारलेले प्रश्न वेगळेच होते, आणि त्यांची तयारी करून जा. पहिला लग्नाचा. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा सर्व धर्मांना लागू आहे आणि विवाहाची नागरी नोंदणी सक्तीची आहे. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. महाराष्ट्रातून गेलेल्या शिक्षकाने आपल्याकडची रीत तिथे सांगितली तर एखाद्या जोडप्याचं नुकसान होईल. आम्ही स्थानिक वकिलांना एक तास बोलावलं होतं, आणि तो तास सगळ्यांनी जपून लिहून घेतला. दुसरा प्रश्न दफनाचा. गोव्यातल्या बहुतेक दफनभूमी कॅथलिक चर्चच्या आहेत. लहान मंडळीतलं कुणी गेलं, तर प्रेत कुठे न्यायचं हे त्याच रात्री शोधावं लागतं. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण शोकात बुडालेल्या घराबरोबर पाळकाला हेही ओझं वाहावं लागतं, हे जाणाऱ्याने मनात ठेवावं आणि त्यासाठी प्रार्थना करावी.

कॅथलिक शेजाऱ्यांविषयी बोलताना जिभेवर ताबा ठेवा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साधारण चौथाई लोकसंख्या ख्रिस्ती होती, आणि त्यात कॅथलिकच बहुसंख्य. आपण दोन-चार दिवसांत परत जाणार, स्थानिक पाळकाला त्याच वाड्यावर राहायचं आहे. आम्ही पत्रकं वाटली नाहीत, घरोघरी गेलो नाही. काम पाळकांना शिकवण्याचं होतं, तेवढंच केलं. फोटोही विचारून काढा, आणि नोकरीवरच्या पाळकांचे फोटो नावानिशी कुठेही टाकू नका. परदेशातले शिक्षक बरोबर नेणार असाल तर लक्षात घ्या की पर्यटक व्हिसावर धर्मशिक्षणाचं काम करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. ओळखीचे एक परदेशी शिक्षक यायला फार उत्सुक होते, पण त्यांच्याकडे पर्यटक व्हिसाच होता, म्हणून त्यांना आणलं नाही.

पैशांबाबत एक नियम पाळा. येण्याजाण्याचं भाडं सगळ्यांना सारखं, स्थानिक वडीलजनांच्या हातून. वेगवेगळी पाकिटं देऊ नका, त्याने पाळकांमध्ये अंतर पडतं. भेट द्यायची तर मोठ्या टायपातलं पवित्र शास्त्र द्या. संध्याकाळी कमी उजेडात वाचणाऱ्या वयस्कर पाळकांना त्याचा खरा उपयोग होतो.

परतीच्या दिवशी वेळ असेल तर मडगावपासून जवळच असलेल्या राशोलला जा. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये तिथेच छापलं गेलं. तिथल्या सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत) आजही विद्यार्थी शिकतात, म्हणून आधी परवानगी घ्या आणि आवाज खाली ठेवा. आमच्याबरोबर वर्गातले काही पाळक आले होते. चारशे वर्षांपूर्वी याच भूमीवर कुणीतरी मराठीत ख्रिस्ताची कथा ओव्यांत गायली, हे त्यातल्या बहुतेकांना पहिल्यांदाच कळलं. वाळपईचे पाळक म्हणाले, “मराठीत उपासना करतो म्हणून मला इथे उपरं वाटायचं.” ते बराच वेळ तिथल्या ओट्यावर बसून होते.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रात्री नऊला आम्ही सगळे फोनवर एकत्र येतो. एक जण रूथच्या एका भागावर मंडळीत काय मांडलं ते सांगतो, बाकीचे प्रश्न विचारतात. पुढच्या पावसाळ्यासाठी त्यांनी मार्ककृत शुभवर्तमान मागितलं आहे. सोळा अध्याय एका वर्गात होणार नाहीत, म्हणून पहिले आठ जुलैत आणि उरलेले ऑगस्टमध्ये घ्यायचं ठरतंय. दोन्ही वेळा वेगळी शिक्षकमंडळी लागतील. मोठ्याने चांगलं वाचणारं, ऐकून घेणारं आणि पावसात बसने फिरायची तयारी असलेलं कुणी आपल्या मंडळीत असेल, तर मार्चच्या आत ठरवा, म्हणजे तिकिटांचं आणि पाळकांच्या रजांचं वेळेत बघता येईल.