नाक मोकळं झालं, मग वास कामून येईना?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहितेय, नाहीतर लग्नाच्या पंगतीत, एसटीत, व्हॉट्सॲपवर असं तुकड्या-तुकड्यांत सांगून माझंच समाधान होत नाही. प्रश्न ठरलेला असतो. सायनसचं ऑपरेशन झालं, नाकात वाढलेलं मास काढलं, श्वास एकदम फर्स्टक्लास चालू झाला, पण वास कामून येईना? आणि मग आवाज बारीक करून पुढचा प्रश्न, डॉक्टरनं फसवलं तर नसंल ना?

बहुतेक वेळा नाही फसवलेलं. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, मी परभणीकडची, लॅबवाली. नाकातून काढलेलं टिश्यू फॉर्मलिनच्या बाटलीतून आमच्याकडं येतं (बऱ्याचदा पेशंटचा भाऊच ती बाटली पिशवीत घालून आणतो, पार घाबरलेला), त्याचा मेणात ब्लॉक करायचा, चार-पाच मायक्रॉनचे काप काढायचे, रंग द्यायचा आणि आत कुठल्या पेशींनी गर्दी केलीय ते बघायचं, हे माझं काम. ते मास, म्हणजे पॉलिप, बहुतेकदा कॅन्सर नसतं. पण एकाच बाजूला असेल, रक्त येत असेल तर तपासणी टाळू नका, तिथं पैसे वाचवायला जाऊ नका.

आता मूळ मुद्दा. नाक म्हणजे नुसतं हवेचं भोक नाही. खालचा भाग हवा गरम करतो, ओली करतो, धूळ शेंबडात अडकवतो, आणि तिथले बारीक केस तो शेंबूड सारखे घशाकडं ढकलत राहतात. सॅकरिनचा कण नाकात पुढच्या बाजूला ठेवला तर साधारण वीसेक मिनिटांच्या आत घशात गोड लागतं, नाक किती साफ चालतंय ते बघायची ही जुनी टेस्ट आहे. वास घेणारी जागा मात्र वेगळीच, पार वर, दोन डोळ्यांच्या मधोमध नाकाच्या छताला, जेमतेम काही चौरस सेंटिमीटरची. तिथल्या पेशी म्हणजे थेट मज्जातंतू, एक टोक नाकातल्या हवेकडं आणि दुसरं टोक हाडाच्या चाळणीसारख्या भोकांतून मेंदूत. हे वास ओळखणारे जीन्स लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये दाखवले आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे चालू स्थितीतले जीन्स साधारण ४०० आहेत.

तर पॉलिपमुळं हवा छतापर्यंत पोचतच नव्हती, ऑपरेशननं रस्ता खुला झाला, हे अर्धं काम. कित्येकांना तेवढ्यावरच वास येतो, खुश होऊन फोन करतात. पण ज्यांची सूज वर्षानुवर्षं मुरलेली असते त्यांच्यात छतच सुजलेलं असतं, आणि ते काही कापून काढायची गोष्ट नाही.

ही सूज तिथं काय करते ते मला सगळ्यात भारी वाटतं. वासाचे मज्जातंतू उघड्यावर असतात, त्यामुळं ते मरतात आणि खालच्या स्टेम सेलपासून, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशींपासून, नवे येत राहतात, आयुष्यभर. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला अँड्र्यू लेन यांच्या टीमनं असे उंदीर तयार केले की त्यांना डॉक्सीसायक्लिन दिलं, हो तीच आपल्या मेडिकलवर मिळणारी अँटिबायोटिकची गोळी, की फक्त नाकाच्या वासाच्या भागात सूज आणणारं एक प्रोटीन तयार व्हायला लागतं. गोळी चालू तोवर मज्जातंतू गळत गेले आणि नवे आलेच नाहीत. गोळी बंद केली तर परत उगवले! हे २०१० मध्ये छापून आलं. मग २०१९ मध्ये त्यांनीच पुढचं दाखवलं की सूज लांबली की ह्या स्टेम सेल आपलं नवे मज्जातंतू बनवायचं काम सोडून सूज वाढवणाऱ्या पेशींनाच बोलावत बसतात. म्हणजे गवंड्यानं बांधकाम सोडून गेटवर वॉचमनगिरी करावी तसं झालं.

माणसातही त्याला जुळणारं सापडलंय, पण ते कोविडवाल्यांमध्ये. ड्यूक विद्यापीठात ज्यांना कोविडनंतर महिनोन्महिने वास आलाच नाही अशांच्या नाकाच्या छतातून बारीक तुकडे घेतले, २०२२ मध्ये आलं ते, तर व्हायरस कधीचाच गेलेला पण टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिथंच ठाण मांडून बसलेल्या आणि मज्जातंतूंची संख्या घटलेली. एकूण तुकडे फक्त २४ होते, त्यातले अशा पेशंटचे तर नऊच, त्यामुळं लगेच सगळ्यांना लागू करू नका, पण दिशा तीच दिसते.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, ऑपरेशन ही सुरुवात आहे, खरं औषध नंतरचं. रोज सलाईननं नाक धुवा, पाणी उकळून गार केलेलंच घ्या, बोअरचं डायरेक्ट नको. डॉक्टरनं दिलेला स्टेरॉइड स्प्रे चालू ठेवा, आणि मारताना मधल्या पडद्यावर नाही तर कानाच्या दिशेनं मारा, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं. लोक पंधरा दिवस मारतात, काही फरक नाही म्हणतात आणि बाटली फ्रीजवर जाऊन पडते. इथं हिशोब महिन्यांचा आहे. त्यात आपल्याकडं तुरीची मळणी, जिनिंगची धूळ आणि बांधाबांधावरचं गाजरगवत, त्याची ॲलर्जी असली की सूज उतरायचं नावच घेत नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्यांची गंमत वेगळी. पाच-सात दिवस घेतल्या की अचानक फोडणीचा वास येतो, माणूस रडायचा बाकी राहतो, आणि काही आठवड्यांत परत गायब. ह्यातून कळतं की तंतू पूर्ण मेलेले नाहीत, सुजेनं अडकलेत, ही चांगलीच बातमी आहे. पण मग काहीजण मेडिकलवाल्याकडून आपल्या मनानं त्या गोळ्या घेत राहतात, आणि शुगर वाढते, हाडं पोकळ होतात, डोळ्यात मोतीबिंदू येतो. कृपा करून नको. नाक चोंदल्यावर टाकायचे थेंबही आठवड्याच्या वर नको, त्यांचीच सवय लागून नाक उलट जास्त चोंदतं. सुजेचा सिग्नलच तोडणारं डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत पॉलिपसाठी त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली, वासाचा फरकही चांगला दिसतो, पण दोन-दोन आठवड्यांनी घ्यायचं आणि आपल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचं, त्यामुळं उगीच आशा लावत नाही.

स्वस्तातलं एक आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला वासाचा व्यायाम, गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी, चारही वास सकाळ-संध्याकाळ दहा-दहा सेकंद, लक्ष देऊन, किमान तीन महिने. सगळ्यांना फायदा होतोच असं नाही, पण सगळं सामान गावातल्या किराणा दुकानात मिळतं आणि नुकसान काही नाही. मोबाईल बघत हुंगू नका एवढंच.

आणि कोणी म्हणतं, मला विक्स कळतं, ठेच्याचा ठसका लागतो, म्हणजे नाक चांगलंय. नाही हो. ते गार लागणं नि ठसका चेहऱ्याच्या दुसऱ्याच नसेचं काम आहे, आणि विक्सनं नाक उघडल्यासारखं फक्त वाटतं, हवा तेवढीच जाते. खरं बघायचं तर डोळे मिटून कॉफी पावडर नाहीतर कढवलेलं तूप हुंगा. काहीच कळत नसेल तर येसराची आमटी आणि साधं वरण ह्यात तिखट-मीठ सोडून फरक लागत नाही, जेवणाला चव नाही अशी तक्रार मुळात तिथून येते.

अशा माणसाला गॅस लीक झालेलाही कळत नाही, कारण सिलेंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम घातलेला असतो. घरात कोणी असं असेल तर रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम दुसऱ्याकडं द्या, दूध नासलंय का तेही दुसऱ्यानंच बघा.