चिमूटभर मीठ आणि शांत कोपरा

बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या मुलांना इतिहास शिकवताना पहिली अडचण येते ती काळाची. ‘१९३०’ हा आकडा माझ्या वर्गातील आठ मुलांपैकी तिघांना वाचता येतो, पण त्याचा अर्थ एकालाही लागत नाही. म्हणून आम्ही वर्गात एक सुतळी बांधली आहे. दाराजवळ ‘आज’ची गाठ, तिथून वीतभर पुढे मुलांच्या जन्माची, मग आईची, मग आजीची. दांडीची गाठ आजीच्याही पलीकडे, कपाटापाशी येते, आणि सगळ्यांनी सुतळीला हात लावत तिथवर चालत गेल्याशिवाय मी धडा सुरू करत नाही.

दांडीयात्रा मी मुद्दाम निवडली होती. ‘घटना’, ‘चळवळ’, ‘स्वराज्य’ हे शब्द आमच्या वर्गात हवेत विरून जातात. मीठ मात्र जिभेवर ठेवता येते आणि चालणे पायांना कळते. साबरमती ते दांडी हे सुमारे ३८५ किलोमीटरचे अंतर आम्ही आठवडाभर व्हरांड्यात खडूच्या रेघेवर थोडे थोडे चाललो, आणि १२ मार्च ते ५ एप्रिल या प्रवासाचे दिवस दिनदर्शिकेवर रोज खोडत गेलो. गच्चीवर पसरट थाळ्यात मिठाचे पाणी उन्हात ठेवले होते. चौथ्या दिवशी थाळ्याच्या कडेला पांढरा खरखरीत थर धरला, तेव्हा एकीने तो नखाने खरवडून लगेच चाटलाही.

शेवटच्या दिवशी ‘कर’ शिकवायचा होता. आमच्याकडे काम पूर्ण केले की मुलांना निळे टोकन मिळते आणि ती त्याला फार जपतात. मी टेबलावर थाळा ठेवला, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी चढवली आणि जाहीर केले की मी सरकार आहे, काकडीला मीठ लावायचे असेल तर एक टोकन द्यावे लागेल. दोघांनी निमूट दिले. तिसरा मात्र तावातावाने म्हणाला, “ताई, मीठ तर आपणच केलंय!” १८८२ च्या कायद्याने मीठ तयार करण्याची आणि विकण्याची मक्तेदारी सरकारकडे घेतली होती, हे मी त्यांना कोणत्याही शब्दांत सांगितले असते तरी याहून नेमके सांगता आले नसते.

मग मी खूण केली आणि एकेकाने येऊन टोकन न देता चिमूट उचलली. अमितची पाळी आली (नाव बदलले आहे), तेव्हा तो जागचा हलला नाही. “नियम मोडायचा नाही,” तो म्हणाला. मी आग्रह केला, तसा तो हात कानांवर दाबून झुलू लागला आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागला.

चूक माझीच होती. चार वर्षे आम्ही त्याला नियमच शिकवत आलो होतो: रांग सोडायची नाही, दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा नाही, विचारल्याशिवाय काही उचलायचे नाही. चित्रांचे वेळापत्रक बदलले तरी ज्याला घाम फुटतो, त्या मुलाला मी टोपी घालून अचानक सांगत होते की आज नियम मोडणे चांगले आहे. पाठ्यपुस्तकात ‘सविनय कायदेभंग’ हे दोन शब्द शेजारी शेजारी सुखाने नांदतात. त्याच्या डोक्यात ते एकमेकांवर आदळले होते.

मी टोपी काढली, त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि तो शांत होईपर्यंत काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्यानेच विचारले, “गांधींनी विचारलं?” हा प्रश्न मला आजवर कोणत्याही मुलाने विचारला नव्हता. सुदैवाने उत्तर खरे होते. गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून आपण काय करणार आहोत हे आधीच कळवले होते, आणि त्यावर फक्त खेद व्यक्त करणारे उत्तर आले होते. आमच्या भाषेत मी त्याला सांगितले: “आधी सांगितलं. ते ‘नाही’ म्हणाले. तरी गांधी गेले. लपून नाही, सगळ्यांसमोर गेले.”

“मग शिक्षा?”

“झाली. ५ मे रोजी त्यांना पकडलं. येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं.”

“पळाले?”

“नाही. गेले.”

तो बराच वेळ फरशीकडे पाहत राहिला. मग उठला, टेबलाशी आला, माझ्याकडे पाहून मोठ्याने म्हणाला, “मी मीठ घेतो,” आणि चिमूटभर मीठ उचलले. ते न खाता मुठीत धरून तो सरळ वर्गाच्या मागे, निळ्या गादीवर भिंतीकडे तोंड करून जाऊन बसला.

ती गादी म्हणजे आमचा ‘शांत कोपरा’. आवाज असह्य झाला की मुलांनी तिथे जाऊन सावरावे, यासाठी तो आहे, आणि अमितच्या वैयक्तिक शैक्षणिक योजनेत ‘विसाव्याची जागा’ अशी त्याची नोंद मी माझ्या हाताने केली आहे. चार वर्षे मी त्याला “जा, जरा शांत बस” म्हणून तिथे पाठवत होते. तो तुरुंग आहे असे त्याने कधी सांगितले नव्हते, मीही कधी विचारले नव्हते.

मी जाऊन त्याच्या शेजारी बसले. त्याने मूठ उघडून दाखवली. घामाने मीठ तळहाताला चिकटले होते. “किती दिवस?” त्याने विचारले.

दुसऱ्या दिवशी मुले येण्याआधी मी ती गादी उचलून खिडकीखाली, सगळ्यांच्या मध्ये ठेवली.