तुम्ही विचारलंत म्हणून: एकच तिकीट का?

"सिनेमाचे एवढे वेडे तुम्ही, आणि जाता एकटेच?" हे मला सोसायटीच्या गेटवर विचारून झालंय, मेहुणीच्या घरी विचारून झालंय, आणि परवा तर विवियानाच्या मल्टिप्लेक्समध्ये तिकीट बघणाऱ्या पोरानंही विचारलं. आजवर "वेळा जुळत नाहीत" म्हणून सुटत आलो. निवृत्त माणसाच्या वेळा कुणाशीही जुळतात.

पूर्वी मी एकटा जात नसे. ठाण्याच्या मल्हार टॉकीजला मी आणि माझा मित्र, आम्ही दोघांनी किती सिनेमे पाहिले त्याची गणती नाही, आणि नंतर तलावपाळीच्या कठड्यावर बसून त्यांचा कीस पाडायचो. तुम्ही त्याला ओळखता, म्हणूनच तर खोदून विचारता. पैशावरून बिनसलं, असा नौपाड्यात एक समज आहे. नाही हो. 'शोले'च्या शेवटावरून बिनसलं. हसून घ्या.

दिवाळीनंतरची गोष्ट. घोडबंदरला त्याच्या नव्या घरी आम्ही जेवायला. त्याच्या लेकीच्या सासरची माणसं आलेली. बासुंदीच्या वाट्या हातात, आणि तो आपली ठेवणीतली आठवण सांगत होता. चौथीत असताना वडील त्याला 'शोले'ला घेऊन गेले, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला, मिनर्व्हात. सत्तर एमएमचा पडदा, चहूकडून आवाज. नाणं उडवलेलं खणकन वाजलं तेव्हा वडिलांनी खरंच वाकून खुर्चीखाली पाहिलं. आणि शेवटी ठाकूर गब्बरला ठार मारतो तेव्हा त्यांनी याच्या डोळ्यांवर हात ठेवला. "बोटांच्या फटीतून मी सगळं पाहिलं. बाबांच्या हाताला तपकिरीचा वास यायचा."

मी म्हटलं, "शक्यच नाही."

आता इथं गप्प बसता आलं असतं. पण माहिती माझ्या बाजूनं होती. 15 ऑगस्ट 1975 ला सिनेमा लागला तेव्हा देशात आणीबाणी. निवृत्त का होईना, पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना, म्हणून शेवट नव्यानं चित्रित करावा लागला. ऐन वेळी पोलीस येतात, गब्बर जिवंत राहतो. मिनर्व्हात सिनेमा पाच वर्षं चालला, तो याच शेवटानं. हे सगळं मी त्याच्या व्याह्यांसमोर, मोबाईल काढून, पुराव्यानिशी सांगितलं. व्याही माझ्याकडे वळून ऐकायला लागले. आवडलं मला ते, खोटं कशाला बोलू?

तो म्हणाला, "मग बाबांनी हात ठेवला तो?"

"गब्बर ठाकूरचे हात तोडतो तेव्हा ठेवला असेल."

म्हणजे वडिलांचा हातही मीच सरकवला, बऱ्याच आधीच्या प्रसंगात. त्याचे वडील पुढच्याच पावसाळ्यात गेले, हे मला ठाऊक होतं. त्यांच्याबरोबर पाहिलेला तो एकच सिनेमा. हेही ठाऊक होतं.

तो बराच वेळ वाटीतला चमचा फिरवत राहिला. मग एवढंच म्हणाला, "तू होतास का तिथं?" आणि उठून हात धुवायला गेला. परत आला तेव्हा विषय घोडबंदरच्या ट्रॅफिकवर गेला होता.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशावरून? मीही तेच म्हणत होतो, दोन वर्षं. चुकीचं ते चुकीचं. मित्रालाच सांगायचं नाही तर कुणाला? कठड्यावर आम्ही हेच तर करायचो! पण कठड्यावर तो दिग्दर्शकांबद्दल बोलायचा, वडिलांबद्दल नाही. हा फरक मला रिक्षात बसल्यावर कळला, असं लिहिलं तर शोभेल. खरं म्हणजे रिक्षात मी बायकोला सेन्सॉरचा किस्सा पुन्हा सांगत होतो.

पुढे माझं मलाच उत्तर सापडलं. मूळ शेवट नंतर व्हिडिओ कॅसेटवर फिरत होता. ती त्यानं कधीतरी पाहिली असणार आणि डोक्यात तो शेवट मिनर्व्हात जाऊन बसला. म्हणजे नाणं खरं, वासही खरा, फक्त शेवट दुसरीकडचा. हे त्याला सांगायला मी फोनही उचलला होता. बायकोनं हातातून काढून घेतला.

2025 च्या डिसेंबरात मूळ शेवटाची प्रत थिएटरात लागली. दोन तिकिटं काढावीत असं मनात आलं. काढलं एकच. दुसरं काढून तो आला नसता तर ती रिकामी खुर्ची बघवली नसती, आणि आला असता तर मध्यंतरात मी काय बोललो असतो याचा भरवसा नाही. एकटा जातो तो एवढ्याचसाठी. शेजारी कुणी नसलं की कुणाचं काही दुरुस्त करता येत नाही.

घरी येऊन त्याला मेसेज केला, "शेवट तू म्हणत होतास तोच होता." पुढे "पण मिनर्व्हात" एवढं टाइप झालं होतं, ते खोडलं. मिनर्व्हात तो नव्हता, हे अजूनही खरंच आहे.

दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तुम्हाला तो राम मारुती रोडला भेटतो म्हणे. त्याला यातलं काही विचारू नका.