भुरीसाठी ट्रेनर शोधताना - माझा अनुभव

आमची भुरी इंडी आहे, म्हणजे देशी कुत्री, चार वर्षांची, कोथरूडमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या एका ताईंकडून आणलेली. घरात अगदी गुणी, पण खाली फिरायला नेलं की स्कूटर दिसली रे दिसली की भुंकत अंगावर धावायची, डिलिव्हरीवाले तर आमच्या विंगमध्ये यायलाच घाबरायचे आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज काहीतरी मेसेज असायचाच. ट्रेनर लावायचा हे लगेच ठरलं. पण कोणता लावायचा ह्यातच खरा वेळ गेला, आणि त्याबद्दल मला बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे डॉग ट्रेनर व्हायला कसलंही सरकारी लायसन्स लागत नाही. कुत्रं पाळायचं लायसन्स आपण महापालिकेकडून काढायचं, पण त्याला शिकवणारा माणूस काय शिकलाय हे कोणी तपासत नाही. प्राण्याला मारहाण करणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये! म्हणजे चौकशी करायची ती आपणच.

फोनवर बहुतेकांनी गॅरंटी दिली. महिन्याभरात लाइनीवर आणतो, हॉस्टेलला ठेवा (म्हणजे कुत्रं त्यांच्याकडेच राहणार), तुम्हाला काहीच करावं लागणार नाही, वगैरे. आणि "मॅडम, तुम्ही घरात अल्फा बनायला पाहिजे", म्हणजे कळपाचा म्होरक्या, हे तर जवळजवळ प्रत्येकाने ऐकवलं. हे अल्फा प्रकरण आलं कुठून तर १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला होता तिथून, पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ते सगळीकडे पसरलं, आणि १९९९ मध्ये स्वतः त्यांनीच लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे अल्फा म्हणण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडे कुत्र्याला जमिनीवर दाबून धरायला हेच कारण सांगतात ह्याचं मला फार वाईट वाटतं.

एका ट्रेनरचं नाव दोन-तीन जणांनी सुचवलं होतं म्हणून त्यांचा क्लास बघायला गेले, भुरीला घरीच ठेवून. मैदानावर एक लॅब्रॅडॉर होता, गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी. "सिट" म्हटल्याबरोबर बसला, मालक एकदम खुश. मी मात्र कुत्र्याकडे बघत होते. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटात, सारखा ओठ चाटत होता, मधेच जांभई, आणि नजर पूर्ण वेळ ट्रेनरच्या हातातल्या चेनवर. मालकाने बिस्किट पुढे केलं तर हुंगलंसुद्धा नाही, आणि तो खादाड लॅब्रॅडॉर होता! मी विचारलं, नाही बसला तर काय करता? "मग झटका द्यावा लागतो ना, त्याशिवाय कळत नाही." मी नमस्कार करून निघाले.

कारण भुरीच्या बाबतीत सरळ विचार करा. तिला स्कूटरची भीती वाटते म्हणून ती भुंकते, आणि स्कूटर दिसताक्षणी गळ्याला हिसका बसायला लागला तर तिला काय कळणार, की स्कूटर आली की दुखतं. भीती वाढणार. आणि गुरगुरण्यावर मार बसला तर ती गुरगुरणं बंद करेल, मग चावण्याआधी आपल्याला काही इशाराच मिळणार नाही. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात हिसके, ओरडणं असल्या पद्धतीच्या क्लासमधल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा जास्त दिसल्या आणि ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोनही जास्त वाढलं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांची वर्तनावर काम करणारी संघटना आहे, त्यांनी २०२१ मध्ये स्पष्टच सांगितलं की सगळ्या कुत्र्यांसाठी रिवॉर्डवालीच, म्हणजे बरोबर केलं की बक्षीस देण्याचीच पद्धत वापरा, आक्रमक कुत्री त्यात आलीच.

मग मी प्रत्येकाला फोनवर तीनच गोष्टी विचारायला लागले: कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता, चुकलं तर काय करता, आणि मला तुमचा एखादा क्लास बघायला मिळेल का. दुसऱ्या प्रश्नाला जो "तसं डिपेंड करतं" म्हणून टाळतो त्याला मी पुढे काही विचारलं नाही. सर्टिफिकेटही विचारा, पण कोणाचं ते विचारा, कारण "सर्टिफाइड" तर प्रत्येकाच्या इन्स्टावर लिहिलेलं असतं. सीपीडीटी-केए (CPDT-KA) हे डॉग ट्रेनरचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट असेल तर किमान ३०० तास शिकवण्याचा अनुभव आणि परीक्षा असते, कॅरेन प्रायर अकॅडमीचा कोर्स पूर्ण रिवॉर्डवर आधारलेला आहे. तरी कागद बघून थांबू नका, माणूस काम करताना बघाच.

शेवटी ज्या ताई मिळाल्या त्यांनी फोनवर आधी मलाच प्रश्न विचारले. भुरी झोपते किती, खाते काय, हे कधीपासून सुरू झालं, आणि आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या म्हणाल्या. तपासलं तर डाव्या कानात इन्फेक्शन निघालं! दुखणाऱ्या कानावर हॉर्नचे आवाज, बिचारी चिडणार नाही तर काय. त्याची ट्रीटमेंट झाल्यावरच ताईंनी काम सुरू केलं.

पहिल्या दिवशी त्यांनी भुरीला हातही लावला नाही. हॉलमध्ये पाठमोऱ्या जमिनीवर बसून आमच्याशीच बोलत राहिल्या, अधूनमधून उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा बाजूला टाकायचा, बस. थोड्या वेळाने भुरी स्वतःहून येऊन त्यांची ओढणी हुंगायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, खायला घालून घालून लाडावेल ती." त्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "काकू, पगार मिळाला म्हणून कोणी काम सोडतं का?" आता सासूबाईच चिकनचे तुकडे करून डबा भरून ठेवतात.

काम गल्लीच्या पार टोकाला सुरू झालं, जिथून भुरीला स्कूटर दिसते पण भुंकावंसं वाटत नाही. स्कूटर दिसली की लगेच चिकन, गेली की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा, आधी स्कूटर मग खाऊ, उलटं झालं तर डबा उघडल्यावरच तिला संशय यायला लागतो. भुंकली तर ओरडायचं नाही, आपण फार जवळ आलो असं समजून मागे जायचं. गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस. आणि बाकी दिवस हे सगळं आम्हीच करायचं, ताई फक्त आमचे व्हिडिओ बघून सुधारणा सांगायच्या. हॉस्टेलला त्यांनी स्वतःच नको म्हटलं, तिथे काय चाललंय ते दिसत नाही आणि घरच्यांनाही काही शिकायला मिळत नाही.

गॅरंटी त्यांनी दिली नाही, तसं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आता स्कूटर गेली की भुरी वळून माझ्या तोंडाकडे बघते, खाऊ कुठेय म्हणून. सायकलवरची मुलं अजून जमत नाहीत, तिथे आम्ही रस्ता बदलतो. सध्या दिवाळीच्या फटाक्यांची तयारी चालू आहे, फोनवर अगदी बारीक आवाजात फटाके लावून सोबत पनीर, आवाज हळूहळूच वाढवायचा. कोणाला लहान गावात असा ट्रेनर मिळत नसेल तर व्हिडिओ कॉलवर शिकवणारेही आहेत, प्रश्न मात्र त्यांनाही हेच तीन विचारा.